रिकाम्या गाडीचा घाट

लालासाहेबाला सलग दहा मिनिटं एका जागी बसवून दाखवा आणि वर्षभर फुकट दाढी करून घ्या, अशी पैज कराडजवळच्या मलकापुरातल्या न्हाव्यानं लावली होती. ती कुणी जिंकली नाही. खुद्द न्हाव्याच्या खुर्चीतून, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून, हा बाबा उठायचा आणि रस्त्यावर डोकावून यायचा. का, तर ट्रक उभा केलाय तिथं नीट आहे ना! आता ट्रक काय पाय फुटून जाणार होता? चावी याच्याच खिशात. पण बासष्ट वर्षांचा झाला तरी खोड काही जाईना. लग्नात पंगतीला बसला तरी जिलेबी यायच्या आत हात धुऊन मांडवाबाहेर. "ह्यांच्या बुडाला चाकं हायती," असं त्याची बायको हौसा चारचौघांत सांगायची आणि हा हसायचा.

तसा दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. घराणंच चाकावर वाढलेलं. त्याचा आजा गुंडा हा इंग्रजांच्या अमलातला गाडीवान. कराडच्या पेठेत गूळ, हळद, मिरची भरायची, चाळीस-पन्नास गाड्यांनी मिळून निघायचं, पाटण मागं टाकून कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूणच्या बंदरावर माल टाकायचा. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून मागं लाकडाचा ओंडका बांधायचा, तो दगडांवरून खरडत यायचा. परत येताना मीठ, नारळ, सुकी मासळी. घाटात साहेबाचा टोलनाका होता. गाडी भरलेली असो की रिकामी, तिथं पैसा टाकल्याशिवाय पुढं सोडत नसत. म्हणून म्हणा किंवा आणखी कशापायी म्हणा, गुंडानं नेम धरला, की आपली गाडी रिकामी घाट चढणार नाही. भाडं मिळालं नाही तर एक मिठाची पिशवी तरी टाकायची, पण काहीतरी टाकायचंच. गावातल्या बाया मिठाची वाट बघत असायच्या, त्यांना रिकामी गाडी काय दाखवणार?

गुंडा गेला, बैल गेले, मीठ किराणा दुकानात पुड्यात मिळायला लागलं. नेम मात्र राहिला. लालासाहेबाच्या बापानं, आकारामानं, जुना ट्रक घेतला आणि तो नेम ट्रकला लावला, वर आणखी कडक केला: मिठाच्या पिशवीवर भागायचं नाही, गाडी भरलेलीच हवी. बापाचा स्वभाव एकदम करडा. पोरगा चिपळूणहून आला, की तोंड धू, भाकरी खा, असलं काही नाही. ओट्यावरून पहिला प्रश्न, "भरून आलास का रं?" एकदा लालासाहेब अर्धीच गाडी भरून आला, तर भरल्या चावडीसमोर बापानं त्याची अशी काही खरडपट्टी काढली, की सव्वीस वर्षांच्या, लग्न झालेल्या माणसानं खाली घातलेली मान चार दिवस वर केली नाही.

आणि नेमकं त्यानंतर पंधरा दिवसांनी ते झालं.

ते साल एकोणनव्वद. हौसाचं पहिलं बाळंतपण. माहेरात करणारं कुणी नव्हतं, म्हणून ती सासरीच होती. लालासाहेब चिपळूणला गूळ उतरवून नारळाची वाट बघत होता. नारळ गुहागरकडून यायचे होते, ते आले नव्हते. दुपारी वखारीच्या फोनवर शेजाऱ्याचा निरोप आला, हौसा अडलीय, लगोलग निघ. लालासाहेबानं गाडीकडं बघितलं. गाडी रिकामी. चावडीसमोरचं बापाचं तोंड त्याच्या डोळ्यापुढं आलं. नारळ संध्याकाळपर्यंत येतील म्हणाले, म्हणून थांबला. संध्याकाळी नाही आले. सकाळी येतील म्हणाले, तसाच थांबला. रात्रभर गाडीभोवती फेऱ्या मारल्या, टायरांना लाथा घातल्या, पण चावी फिरवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नारळ भरून निघाला आणि दिवस मावळायला घरी पोचला.

पोरगं एक रात्र जगलं होतं. त्याला दुपारीच पुरलं होतं.

आकाराम ओट्यावर बसला होता. काठोकाठ नारळ भरलेला ट्रक दारात उभा राहिला आणि बापानं पहिल्यांदाच तो प्रश्न विचारला नाही. उठून आत गेला. हौसा भिंतीकडं तोंड करून पडली होती. ती रडली नाही, तिनं शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लालासाहेबाला पुढं छत्तीस वर्षं वाटत राहिलं. ती एवढंच म्हणाली, "तोंड तुमच्यावाणी हुतं."

झालं. त्यावर पुन्हा चकार शब्द नाही. फक्त त्याच्या ट्रकमधून आलेला नारळ तिनं घरात कधी फोडला नाही. देवाला लागला तर दोन रुपये जास्त देऊन पेठेतून आणायची. घरात पोत्यानं नारळ पडलेले असायचे आणि ही बाई पिशवी घेऊन पेठेत निघालेली. लालासाहेब बघायचा आणि उगाच ट्रकचं बॉनेट उघडून आत डोकं घालायचा.

आठ वर्षांनी मयूरी झाली. त्या वेळी महिनाभर ट्रक जागचा हलला नाही. पण त्याआधी आणि त्यानंतर नेम चालूच. बाप वारला तरी चालू. मयूरी मोठी झाल्यावर एकदा म्हणाली, "आण्णा, आता कोण इचारतंय भरून आलास का म्हणून? सोडा की." तो खेकसला, "तुला काय कळतंय त्यातलं?" पोरीला खरंच कळण्यासारखं नव्हतं. नेम आज मोडला, तर त्या दिवशी का पाळला? हा प्रश्न त्याच्या नरड्यात मासळीच्या काट्यासारखा अडकून बसला होता. नेम मोठा होता, मोडण्यासारखा नव्हता, असं धरलं तरच त्या दिवसाला काही अर्थ होता. नाहीतर पोराचं तोंड बघायचं राहिलं ते चार पोती नारळापायी, एवढंच उरत होतं. ते त्याला सोसणार नव्हतं.

तर यंदाच्या जानेवारीत मयूरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नवरा जयराज सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत कामाला. मुलगा शांत, सासऱ्याच्या अगदी उलटा. डॉक्टरांनी फेब्रुवारीची सात तारीख दिली होती. लालासाहेबानं ट्रक दारात लावला आणि घरातल्या घरात येरझाऱ्या सुरू केल्या. पडवी, सोपा, मागलं दार, पुन्हा पडवी. दर अर्ध्या तासाला "दुखतंय का गं काय?" पाचव्या दिवशी मयूरीनं हात जोडले.

"आण्णा, पाया पडते, तुमी कुठंतरी जाऊन या. तुमच्याकडं बघून मलाच गरगरायला लागलंय."

आणि त्याच संध्याकाळी गुऱ्हाळवाल्याचा फोन आला. त्याच्या नेहमीच्या ड्रायव्हरला ताप होता, चिपळूणला गूळ पोचवायचा होता. तारखेला अजून अठरा दिवस. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. लालासाहेबानं हौसाकडं बघितलं. ती भाकऱ्या थापत होती. "जाऊ व्हय?" त्यानं विचारलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "तुमचं तुमी बघा." एवढं बोलायला तिला जितका वेळ लागला, तेवढ्यात शहाण्या माणसानं ट्रकची चावी खुंटीला अडकवून टाकली असती. पण लालासाहेबाच्या पायाला आधीच खाज सुटली होती.

पहाटे निघाला, नवाच्या सुमारास चिपळूणला गूळ उतरवला आणि नेहमीसारखा इब्राहिमशेठच्या वखारीसमोर ट्रक लावला. इब्राहिमशेठ आता सत्तरीचे, ओळख बापापासूनची. नारळाचा टेम्पो गुहागरहून निघालाय म्हणाले, अकरापर्यंत येईल. लालासाहेबानं चहा घेतला. सव्वादहाला फोन वाजला. जयराज होता. त्या शांत पोराचा आवाज कापत होता.

"मामा, मयूरीला ॲडमिट केलंय कराडला. पाणी गेलंय. डॉक्टर म्हणतायत संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर ऑपरेशन. मी सांगलीतनं निघालोय. तुमी कुठं हायसा?"

"चिपळूण," लालासाहेब म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला परका वाटला.

फोन ठेवून त्यानं हिशेब मांडला. अकराला नारळ, बाराला गाडी भरून तयार, तीन-साडेतीन तासांचा रस्ता, चारला कराड. जमतंय. हां, जमतंय की! असं म्हणत तो वखारीच्या दारापासून वळणापर्यंत गेला, टेम्पो दिसत नाही म्हणून परत आला. पुन्हा गेला. अकरा वाजले. साडेअकराला कळलं, की टेम्पो वाटेत पंक्चर झालाय आणि स्टेपनीही बसलेली आहे. लालासाहेबानं त्या टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घाम पुसला. ट्रकच्या पायरीवर चढला, उतरला, मागल्या दाराचा फाळका पाडला, पुन्हा लावला.

इब्राहिमशेठ गल्ल्यावरून हे सगळं बघत होते. ते उठून जवळ आले.

"लालासाहेब, त्या सालचा तो निरोप फोनवर मीच घेतला होता. तुला जा म्हणालो नाही. तुझ्या वडिलांना घाबरून होतो. आज म्हणतो, तू नीघ. नारळ उद्या दुसऱ्या गाडीनं येतील."

"तुमी नका सांगू शेठ!" लालासाहेब ओरडला. हमाल थांबून बघायला लागले. त्याची त्यालाच लाज वाटली. ज्या माणसाच्या घरचा चहा चाळीस वर्षं प्यायला, त्याच्यावर त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. शेठ परत गल्ल्यावर जाऊन बसले. लालासाहेब ट्रकमध्ये चढला आणि चावी फिरवली. पेठेच्या तोंडाला, घाटाकडं वळायच्या आधी, एक किराणा दुकान आहे. तिथं त्यानं करकचून ब्रेक दाबला. आज्याच्या नेमात सोय होती ना! एक मिठाची पिशवी. पिशवी टाकली की गाडी रिकामी नाही. आज्याचा शब्द राहिला, बाप आता विचारायला नाही, सगळ्यांचं राहिलं.

दुकानात गिऱ्हाईक होतं. एक म्हातारी तांदळाच्या दाण्यात खडे निघतात म्हणून भांडत होती आणि दुकानदार तिला दाणे हातावर घेऊन दाखवत होता. लालासाहेब म्हणाला, "मीठ द्या, खडं मीठ, पाच किलोची पिशवी." दुकानदार म्हणाला, "देतो, देतो." त्यानं पुन्हा सांगितलं. "अहो देतो म्हटलं ना, एवढी काय घाई?" तेवढ्यात फोन वाजला. हौसा. ती स्वतः होऊन त्याला फोन कधी करत नसे, मयूरीकडून करवायची.

"कुठं हायसा?"

"निघालो. ही बघ, निघालोच."

"निघाला न्हाईसा. मला गाडीचा आवाज येत न्हाई."

लालासाहेबानं बाहेर उभ्या ट्रककडं बघितलं. मग म्हणाला, "मिठाची पिशवी घेतोय गं. पाच मिनिटं. गाडी रिकामी हाय."

 दवाखान्यात कुणीतरी कुणाला हाक मारत होतं, ते ऐकू येत होतं. मग हौसा बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही.

"घरात मीठ हाय. तुमी या."

दुकानदार पिशवी घेऊन वळला तेव्हा मिठाचं गिऱ्हाईक ट्रकमध्ये बसून वळणाच्या पलीकडं गेलं होतं.

रिकामा ट्रक घाटाला लागला. पस्तीस-चाळीस वर्षं त्या घाटाचं वळण नि वळण त्याच्या हाताखालून गेलेलं, पण हा घाट त्यानं बघितलेला नव्हता. भरलेली गाडी पायथ्याच्या पोफळी गावापासून कण्हायला लागते, दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढते. ही रिकामी गाडी पळत सुटली. मागं हौदा खडखडा वाजत होता, साखळी फाळक्यावर आपटत होती.  त्या आवाजात ओट्यावरून कुणीतरी विचारतंय असं वाटत होतं. "न्हाई आलो भरून!" तो एकटाच केबिनमध्ये ओरडला. "न्हाई आलो, काय करायचं ते करा!" ओरडल्यावर त्याला रडू आलं. डाव्या बाहीनं डोळे पुसत, उजव्या हातानं तो वळणं घेत राहिला.

आणि वर, निम्म्या घाटात, रांग लागलेली. एक लांब कंटेनर वळणावर आडवा बसला होता. पुढचं चाक गटारात, मागचं धूड रस्त्यावर. पन्नासेक गाड्या थांबलेल्या. क्रेन पाटणहून निघालीय म्हणे, दोन तास लागतील. लोक खाली उतरून मोबाईल बघत बसले होते. लालासाहेबाला बसणं कुठलं ठाऊक! तो पळतच वर गेला. कंटेनर आणि दरीकडचा कठडा यांच्यामध्ये एक पट्टा मोकळा होता. त्यानं तो पावलांनी मोजला, टाच मारून माती बघितली. छोट्या गाड्या त्यातून एकेक करून जात होत्या, ट्रकवाला कुणी धजत नव्हता.

"मामा, माती भुसभुशीत हाय, ट्रक जाईल खाली," एक हवालदार म्हणाला.

"भरल्याला जाईल. माझा रिकामा हाय."

"रिकामा?" हवालदारानं वाकून हौदा बघितला. "घाट रिकामा चढताय?"

"व्हय. पोरगी दवाखान्यात हाय. सोडा मला."

हवालदारानं एकवार त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि शिट्टी मारून माणसं बाजूला केली. लालासाहेबानं आरसे दुमडले. डावीकडं कंटेनरचा पत्रा, उजवीकडं दरी. कडेची माती सुटून खाली गेल्याचा आवाज त्याला आला. पण गाडी हलकी होती, तिनं माती धरली. आत नारळ असते, नुसते अर्धी गाडी असते, तरी तिथं थांबावं लागलं असतं. पलीकडं निघाल्यावर मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यानं आरसासुद्धा सरळ केला नाही, घाटावरच्या हेळवाकला पोचेपर्यंत तसाच गेला.

तीनला दहा कमी असताना तो कराडच्या दवाखान्यासमोर आला. वॉचमन ओरडला, ट्रक इथं लावायचा नाही. लालासाहेबानं तो तिथंच, रस्त्याच्या कडेला, तिरका सोडला आणि उडी मारली. चावी आतच राहिली, दार उघडं राहिलं.

दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी बाकावर हौसा बसली होती. भिंतीकडं बघत. अगदी तशीच. लालासाहेब जिन्यातच थांबला. वर जाववेना, खाली जाववेना.  तिनं मान वळवली. आधी त्याचं तोंड बघितलं, मग त्याचे हात.

"काय आणलंसा?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "काहीसुद्धा न्हाई. रिकामा आलो."

"बरं केलंसा," हौसा म्हणाली. "पोरगी बरी हाय. अर्धा तास झाला, सुटली. ऑपरेशन लागलं न्हाई. हात धुऊन या."

त्यानं नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, डिझेलचा वास जाईना म्हणून पुन्हा धुतले. आत मयूरी डोळे मिटून पडली होती. जयराज कोपऱ्यात उभा राहून एकटाच हसत होता. हौसानं पाळण्यातलं गाठोडं उचललं. लालासाहेब मागं सरकला. खुर्चीत बसायला सांगितलं तेव्हा बसला, पण हात मांडीवर घट्ट ठेवून.

"मुलगी हाय," हौसा म्हणाली.

"तोंड कुणावाणी हाय गं?" त्यानं विचारलं. 

हौसानं पोर त्याच्या हातात ठेवली. त्याचा अंगठा तिनं बाळाच्या मानेखाली नीट बसवला आणि ती बाजूला झाली.

"मी न्हाई सांगायची," ती म्हणाली. "ह्या वेळी तुमचं तुमी बघा."

खाली रस्त्यावर हॉर्न वाजायला लागले. कुणाचा ट्रक आहे हा, काढा आधी, असं वॉचमन बोंबलत होता. जयराज म्हणाला, मामा, मी जाऊन काढतो, आणि खाली पळाला. भिंतीवरचं घड्याळ पुढं सरकत होतं. तीन वाजले, सव्वातीन झाले. लालासाहेब खुर्चीतून हलला नाही.